मर्विन थांबला नाही, त्या दिवशी

मर्विन टकवेलनं उभी हयात ग्रेडर चालवला. वाळवंटातल्या मारी गावाच्या वरचा लाल मातीचा रस्ता वर्षानुवर्षं खरवडून सपाट केला, आणि निवृत्त झाल्यावरही तो रस्ता काही त्याच्या अंगातून जाईना. "बघ, पाणी जायला उतारच ठेवला नाही पोरांनी," असं तो सारखं म्हणायचा, आणि त्याची बायको ग्लेनिस दात आवळून खिडकीबाहेर बघायची. बाहेर बघण्यासारखंही काही नसायचं.

पण खरी डोकेदुखी वेगळीच होती. त्या ओसाड मुलखात रस्त्याकडेला उभ्या गाडीला विचारल्याशिवाय पुढे जायचं नाही, ही तिथली रीत. इतर लोक वेग कमी करतात, काचेतून अंगठा दाखवतात, पलीकडच्यानं अंगठा दाखवला की निघतात. मर्विनचं तेवढ्यावर भागत नसे. तो गाडी बंद करायचा, टोपी घालायचा, उतरायचा, आणि मग त्या माणसाच्या आजोबांपर्यंत चौकशी व्हायची.

एरवी ग्लेनिसनं चालवून घेतलं असतं. पण या वेळी याच रस्त्याच्या टोकाला, आपल्या फार्मवर, तिची बहीण कोरल जेवायला वाट बघत होती. कोरलचे डोळे जात चालले होते. "कडेकडेनं दिसतंय अजून, मधे सगळं धुकं," ती फोनवर म्हणाली होती. "तुझं तोंड एकदा नीट बघून घेते, मग काय व्हायचं ते होऊ दे." तेव्हापासून ग्लेनिसला चैन नव्हतं.

आणि हा बाबा थांबत होता! आधी एक जोडपं भेटलं, ते गरुडाचा फोटो काढत होतं. मग एकजण भेटला, तो झुडपाआड लघवीला गेला होता. मर्विन त्याचीही वाट बघत उभा राहिला. तिसऱ्याच्या इंजिनाचा पट्टा खरंच तुटला होता. तो बसवून झाल्यावर मर्विननं आपल्या गाडीमागच्या कॅम्पर ट्रेलरचं सरकतं स्वयंपाकघर बाहेर ओढलं आणि चहा टाकला. रस्त्याच्या हादऱ्यांनी कपाट उघडून पीठ साखरेत मिसळलं होतं, आणि दोन्हींत लाल धूळ. ग्लेनिसनं तो चहा तोंडाला लावला नाही.

गाडीत बसताच त्यानं गाड्यागाड्यांत बोलायचा रेडिओ सुरू केला. खरखरीतून कोणीतरी बोलत होतं.

"बंद कर ते! नाहीतर त्याच्याशीही गप्पा मारशील."

"अगं, कोणाला काही हवं असेल..."

"मला हवंय! मला माझ्या बहिणीकडे जायचंय! आता कोणासाठी थांबलास ना मर्व, तर मी चालत जाईन. देवाशपथ जाईन."

तिनंच बटण फिरवून तो बंद केला.

तासाभरानं कडेला एक पांढरी पिकअप दिसली. एका दाढीवाल्यानं हात वर केला. मर्विनचा पाय ब्रेककडे गेला.

"ठीक आहे म्हणतोय तो. चल!"

"अंगठा नाही दाखवला त्यानं."

"मर्विन!"

तो गेला. आयुष्यात पहिल्यांदा न थांबता गेला. पुढे कितीतरी वेळ आरशात बघत राहिला, पण आरशात नुसती धूळ होती. ग्लेनिसला मात्र जिंकल्यासारखं वाटलं. तिनं केस विंचरले, ओठ रंगवले.

फार्मवर कोरलची सून जनीन दारात आली आणि त्यांच्या मागे बघू लागली.

"कोरल कुठाय?"

"ती तर तुम्हालाच सामोरी आलीय! घरात बसवेना तिला. गडी घेऊन गेलाय पिकअपमधून. वाटेत चाकाचा आस तुटला, तर तो केव्हाचा तुम्हाला रेडिओवर हाका मारतोय, इथवर ऐकू येतंय. भेटले नाहीत?"

मर्विननं ट्रेलर सोडवला, पाण्याचा डबा घेतला आणि गाडी वळवली. परतीच्या सबंध रस्त्यात तो तिला एका शब्दानं बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं.

पिकअपच्या पलीकडच्या बाजूला, सावलीत, कोरल एका खोक्यावर बसली होती. नवा फ्रॉक, आणि डोक्यापासून पायापर्यंत लाल धूळ. त्यांनीच उडवलेली.

"मर्व आला का रे?" आवाजाच्या दिशेनं तिनं विचारलं. "मघाशी कोणीतरी मेला न थांबता गेला. मी गड्याला म्हटलं, काळजी करू नकोस, मागून माझा मेव्हणा येतोय. तो थांबतो."

मर्विननं टोपी काढली. "उशीर झाला खरा," तो म्हणाला. "वाटेत थांबत आलो."

कोरलनं मान वाकडी करून, डोळ्यांच्या कडेनं बहिणीचा चेहरा शोधला.

"ग्लेन, हलू नकोस गं. आणि रडतेस कशाला? तोंड वेडंवाकडं होतंय. नीट बघू तरी दे."

ग्लेनिसला तोंड काही केल्या नीट करता येईना.