चिक्कीच्या खोक्यातलं घोसाळं

मी खोल समुद्रात राहणाऱ्या काच-स्पंज या प्राण्यांचा अभ्यास करते आणि राहते लोणावळ्यात. ह्या दोन गोष्टी एका वाक्यात सांगितल्या की लोक विषय बदलतात, आणि मला तेच सोयीचं पडतं.

त्या शनिवारी कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागातला एक नमुना घरी आणला होता. वीतभर लांब, पांढरी, पोकळ, जाळीदार नळी. सोमवारी ती हातात धरून वर्गासमोर बोलायचं होतं. "विभागाकडे हा एकच आहे," असं शिकवणाऱ्या मॅडमनी बजावलं होतं. मला नमुना फुटण्याइतकीच बोलण्याचीही धास्ती होती. इंग्रजी शाळेत जाऊन मी एक गोष्ट पक्की शिकले, दोन भाषांत गप्प बसणं.

नमुना कापसात गुंडाळून चिक्कीच्या रिकाम्या खोक्यात ठेवला. आमच्या घरात चिक्कीला कोणी हात लावत नाही. लोणावळ्यातल्या कुठल्याच घरात लावत नसावेत. आंबी गावाहून आत्या मुक्कामाला आलीय, हे एवढ्या हुशारीत विसरले.

सकाळी खोकं उघडं, कापूस टेबलावर, आणि बाथरूममध्ये पाणी वाजतंय. आत्याकडे घोसाळी वेलावरच वाळवतात आणि आतल्या जाळीने अंग घासतात. चिक्की नाही तर नाही, घोसाळं तरी मिळालं, असं तिला वाटलं असणार.

खरं तर ओरडायला हवं होतं. मी दोन बोटांनी टकटक केली.

"कोन हाय?"

"आत्या, ते घोसाळं नाही. तो प्राणी आहे."

आत तांब्या पडला. "अगं बया! जित्ता हाय?"

"नाही, मेलेला."

"मंग मला काय करतोय? लय कडक हाय पर. भिजत घातलाय, नरम पडंल."

"नाही पडणार. काच आहे ती. अंगाला लावू नकोस, कुसळं घुसतील."

"काच? समुद्रात भट्टी कुनी लावली?"

आणि मी बोलायला लागले. दाराशी. म्हटलं, भट्टी लागत नाही, पाण्यात विरघळलेली सिलिका घेऊन तो गार अंधारात स्वतःच काचेचे धागे बनवतो. त्याला मेंदू नाही, नसा नाहीत. तरी गाळ लागला की अंगभर इशारा जातो आणि तो पाणी आत ओढणंच थांबवतो.

"तुज्यावानीच की. जरा कुनी काय बोललं की बंद!"

मी ऐकलं नाही असं दाखवलं. दाराआड ते सोपं जातं. मग त्याच्या आत राहणाऱ्या, कोळंबीसारख्या छोट्या जोडप्याचं सांगितलं. लहानपणी जाळीतून आत शिरतात, मोठे होतात आणि बाहेर पडता येत नाही.

"खात्यात काय?"

"पाण्याबरोबर येईल ते."

"आन् भांडन झालं तर कुटं जात्यात?"

ह्यावर संशोधन झालेलं माझ्या वाचनात नव्हतं. दार किलकिलं झालं, ओला हात बाहेर आला. नमुना अख्खा होता.

"घे तुजी काच. आता आंगुळ करू दे."

सोमवारी नमुना हातात धरून वर्गासमोर उभी राहिले. मग वर्गाच्या मागच्या बंद दाराकडे बघितलं आणि सगळं सांगितलं, भट्टीपासून जोडप्यापर्यंत.

"छान झालं," मॅडम म्हणाल्या. "पण सारखी दाराकडे का बघत होतीस? कोणी येणार होतं का?"

मी पाणी ओढणं थांबवलं.