चौथ्या नटचा अर्धा फेरा

पेन्सिल कानामागे आणि शोध घरभर. कुणाकडेही गेले की आधी दार उघडून-मिटून बघणार, मग माणसांची विचारपूस. भिंतीवरची तसबीर तिरकी दिसली तर जेवणावरून उठून सरळ करणार. माप तीनदा घेणार आणि तरीही कापताना श्वास रोखणार. नट कधीच एका दमात आवळणार नाहीत. शेवटचा अर्धा फेरा राखून ठेवणार. लाकडावर भार पडू दे, ते बसू दे, मग आवळायचा.

सुताराच्या काटकोनाला गुण्या म्हणतात. गल्लीत त्यांचंही तेच नाव पडलं होतं. मी खालच्या मजल्यावरच्या या सुताराला काका म्हणायचो. मी साहित्याची पदवी घेतली तेव्हापासून त्यांच्यासाठी मी 'साहित्यिक' होतो. कामाला जुंपायचं असलं की हाक यायची, "साहित्यिक, टोक धर."

त्यांची लेक कयाक, म्हणजे वल्ह्याची निमुळती होडी, चालवते. गेल्या महिन्यात निवड चाचणीला जाताना गाडीच्या टपावरचं विकतचं कॅरियर घसरलं. कयाक रस्त्यावर आपटली, नाकाशी तडकली. ती जोडून घेतली. आता एकच चाचणी उरली होती. नऊच्या आत तलावावर हजेरी लावायची, नाहीतर संपलं. वयाची अट होती, पुढचं वर्ष नव्हतंच.

काकांनी कुणाला न विचारता नवं कॅरियर घरीच करायला घेतलं. लेकीच्या लहानपणच्या पलंगाचे दांडे काढले. रंधा मारला. कयाकचं पोट बसेल अशा खोबणी कोरल्या, खाली रबर लावलं. चार बोल्ट, चार नट. मग स्वतःच टपावर चढून बसले. "मला पेललं, म्हणजे कयाकला फुलासारखं पेलेल," म्हणाले. उतरल्यावर डावा खांदा चोळत राहिले. रंध्यानं भरून आलाय म्हणाले. आम्हाला ते पटलं.

सकाळी निघालो. लेक गाडी चालवत होती, काका शेजारी, मी मागे. पुलावर आडवा वारा लागला आणि टपावर करकर सुरू झाली. लेकीनं वेग कमी केला. आठ वीस झाले होते.

"थांबू का, बाबा?"

"थांबलीस तर पोचणार नाहीस. लाकूड बसतंय. चल."

त्यांच्या कपाळावर घाम होता. माझीही पाचावर धारण बसली होती, त्यामुळे मला त्यात नवल वाटलं नाही. पुढचा सगळा रस्ता मी टपाकडे कान लावून होतो.

आठ पन्नासला पोचलो. कयाक उतरवली. नऊला पाच कमी असताना लेकीनं सही केली. थोड्या वेळात ती पाण्यावर होती.

काकांनी पाना काढला. अलीकडचे दोन नट आवळले, मग पलीकडचा एक. चौथ्यावर पाना बसवला आणि म्हणाले, "साहित्यिक, टोक धर."

कयाक तर उतरवली होती, धरायला टोकच नव्हतं. मला वाटलं, थट्टा करतायत. मी हसलो. ते दाराला टेकले आणि टेकल्या टेकल्या खाली बसले.

लेक धावत आली तेव्हा रुग्णवाहिका त्यांना घेऊन गेली होती. ती नखशिखांत ओली होती.

"झाली निवड. बाबा कुठायत?"

मी तिच्यासाठी गाडीचं दार उघडलं. दुपारी दवाखान्यात डॉक्टरांनी काका गेल्याचं सांगितलं.

गाडी खाली उभी आहे. दांडे टपावर तसेच आहेत. रविवारी तिला सरावाला जायचंय. पाना माझ्या टेबलावर आहे. तो मागायला ती दोनदा वर आली आणि दोन्ही वेळा दुसरंच काहीतरी बोलून खाली गेली. तीन नट पक्के आहेत. चौथ्याचा अर्धा फेरा बाकी आहे.