दुसऱ्या मात्रेवरची टाळी

कल्पना करा, तिसरीची चोवीस पोरं तुमच्यासमोर बसलीत आणि तुम्हाला त्यांना सोल संगीत शिकवायचंय. सोल म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय गायकांचं साठेक वर्षांपूर्वीचं गाणं, चर्चच्या प्रार्थनेतून वाढलेलं. शब्द पोरांना कळणार नाहीत. सुरुवात कुठून कराल?

बीड जिल्ह्यात नेकनूरजवळच्या एका शाळेतल्या शाईस्ता मॅडमनी टाळीपासून केली आणि तिथंच अडलं. या गाण्यात चार मात्रांपैकी दुसरीवर आणि चौथीवर टाळी पडते. पोरं भजनात वाढलेली, त्यांचा हात पहिलीवरच पडायचा. मॅडमनी फळ्यावर चार गोल काढले, दोन रंगवले. फरक शून्य.

मुख्याध्यापक मोहनराव सर दारात आले. "मॅडम, ह्या टाळ्या हायत का पत्र्यावरच्या गारा?"

पोरं खिदळली.

"ह्या गाण्याच्या तासाचे तीन शनिवार झाले. आज जमलं न्हाई तर पुढच्या शनिवारपासून पाढे."

"आजच जमणार, सर," म्हणत मॅडमनी स्पीकर पुन्हा लावला.

मागून बबिता म्हणाली, "मॅडम, हे तर मोळीवानी हाय." तिचे आईबाप दरवर्षी ऊसतोडीला जातात, तीही सोबत जाते.

"मोळीवानी कसं गं?"

"ट्रक भरताना बाप म्हणतो 'उचल'. मंग आई 'हं' म्हणती अन् उसाची मोळी डोक्यावर घेती. टाळी 'हं'वर मारायची."

मॅडमनी फळा पुसला. "चला, उचल, हं! उचल, हं!"

वर्गातली निम्म्याहून जास्त पोरं उसाच्या फडावर जाऊन आलेली. दुसऱ्या कडव्यापर्यंत टाळी जागेवर बसली. सरांचा पायही हलायला लागला.

"घ्या, वर्षभराचे शनिवार तुमचे," ते म्हणाले. "पण हा अभिमन्यू बघा, अजून पहिलीवरच."

अभिमन्यू किराणा दुकानदाराचा मुलगा. "सर, त्यानं मोळी कुठं उचललीय?" बबिता म्हणाली. "एक डोक्यावर द्या, आपोआप यील."

शनिवार मिळाले. पण दिवाळीआधी बबितासारखी पोरं ट्रकमध्ये बसून फडावर जातील आणि वर्गात अभिमन्यूसारखी आठ-नऊच उरतील. त्यांनाही हे गाणं येईल, याबद्दल मॅडमना शंका नाही. फक्त एक उत्तर त्या अजून शोधतायत: ज्यांनी ओझं कधी उचललंच नाही, त्यांना तो 'हं' कशावरून शिकवायचा?