सत्तावीस तारखेची यात्रा

माझा भाऊ जोतीराम गेला त्येला वरीस झालं. वर्सश्राद्धाला लोकं आली, जेवली, चांगला माणूस हुता म्हणली, गेली. त्येच्यावर काय बेतलं ते कुणी बोललं न्हाई. म्हणून मी लिवतीय. मी चौथीपतोर शिकलेली. ह्यो फोन बी त्येचाच हाय, एकेक अक्षर दाबत लिवलंय, चुकलं तर चुकलं. गावाच्या ग्रुपवर टाकणार हाय आन संयोगिताला बी पाठवणार हाय. तिनं वाचावं म्हणूनच एवढी बोटं दुकवून घेतलीत.

संयोगिता म्हंजे जोतीरामची बायको. आदी हुती, मग न्हवती.

जोतीराम चोवीस वर्सं फौजेत. हवालदार हून आला आन साखर कारखान्याच्या गेटवर ड्युटीला लागला. धा वाजता या म्हणलं की साडेनवाला हजर, इस्त्रीचा शर्ट, बुटाला पालिश. लग्नाला जेवायला जायचं तरी तसंच. मी म्हणायची, "आरं, अजून चुलीवर भात बी चडला नसंल." तर म्हणायचा, "आक्का, टायम म्हंजे टायम. लेखी हुकूम म्हंजे हुकूम." ह्या एका बोलण्यानं त्येचा घात केला, ते फुडं सांगते.

संयोगिता सांगलीजवळच्या माधवनगरची. जोतीराम जम्मूत, तवा ती पोरीला घिऊन माहेरात राहायची, तिथंच दवाखान्यात कामाला लागली. जोतीराम रिटायर हून आल्यावर म्हणला, चल गावी. ती म्हणली, "गावात मी राहणार न्हाई. क्रांतीची शाळा सांगलीत हाय, माझी नोकरी सांगलीत हाय. घर बघायला वन्सं हायतच की." वन्सं म्हंजे मी. माझा नवरा वारल्यापास्नं मी माहेरातच हाय, मला मूलबाळ न्हाई. दोन वर्सं ह्यो हिकडं आन ती तिकडं. शेवटाला दोघांनी संमतीनं सोडचिठ्ठी घ्यायचं ठरवलं. भांडण न्हाई, मारहाण न्हाई. तवा मला वाटलं, चला, निदान इज्जतीत तरी सुटलं.

कागद करायला मी बी गेल्ते. वकिलानं समजावून सांगितलं. पोरीचा ताबा दोघांचा, जॉइंट. म्हंजे पोरगी राहणार आईजवळ, पर बाप काय पाव्हणा न्हाई. शाळा बदलायची, दवाखान्यात दावायचं तर दोघांनी मिळून ठरवायचं. पयल्या आन तिसऱ्या शनवारी-रव्वारी पोरगी बापाकडं. दिवाळी आर्धी आर्धी, उन्हाळ्याची सुट्टी आर्धी आर्धी. पोरगी द्यायची-घ्यायची इस्लामपूरच्या स्टँडवर, दोघांना बी मधी पडतं म्हणून.

जोतीराम सगळ्याला हू म्हणला. वरून एकच मागितलं. "यात्रेला पोरगी गावात पायजे."

गावाबाहेरच्यांना म्हाईत नसंल म्हणून सांगते. आमच्या भैरोबाच्या यात्रेला देवाच्या पयल्या आंगुळीचं पाणी आमच्या घरातली कवारी पोरगी नदीवरनं कळशीत आणती. डोक्यावर कळशी, फुडं हलगी, मागं सगळं गाव. आईच्या आदीपास्नं ह्यो मान आमचा. मी बी सात वर्सं आणलंय. घरात पोरगी नसली तर घरातल्या गड्यानं आणायचं, पर डोक्यावर न्हाई, खांद्यावर. इधवेला चालत न्हाई. आन घरात एकच पोरगी, क्रांती.

वकील म्हणला, "यात्रा कधी असती?"

"चैत्र वद्य अष्टमीला."

"आवं हवालदार, तारीख सांगा. कागदात तारीख लिवायची."

जोतीरामनं खिशातनं छोटं कॅलेंडर काडलं, बघितलं आन सांगितलं, "सत्तावीस एप्रिल." त्या सालात हुतीच सत्तावीसला. वकिलानं तसंच टाईप केलं. दरसाली सत्तावीस एप्रिलला पोरगी बापाकडं राहील. फुडच्या साली तिथी सरकणार, तारीख बदलणार, हे शेरडं राखणाऱ्या पोराला बी कळतं. पर जोतीरामच्या डोक्यात आलं न्हाई, माझ्या बी न्हाई. तारीख इचारली, फौजी माणसानं तारीख सांगितली. दोघांनी सह्या केल्या.

मग कोरोनात दोन वर्सं यात्राच झाली न्हाई. तिसऱ्या साली यात्रा चोवीस तारखेला आली. जोतीरामनं आठ दिस आदी फोन केला. मी भाकरी थापत हुते, फोन स्पीकरवर.

"संयोगिता, औंदा यात्रा चोवीसला हाय. पोरीला तीन दिस आदी सोड."

"कागदात सत्तावीस हाय."

"तिथी सरकलीय गं. देवाची तारीख काय माझ्या हातात हाय?"

"कोर्टाचा कागद बी माझ्या हातात न्हाई. तुमीच म्हणता न्हवं, लेखी हुकूम म्हंजे हुकूम? कागदात बघा."

जोतीराम बरं म्हणला आन फोन ठेवला. माझी भाकरी तव्यावर करपली.

एक खरं हाय ते खोटं कशाला बोलू. पयल्या-तिसऱ्या शनवारी संयोगिता पोरीला टायमात आणायची. एक शनवार चुकवला न्हाई. म्हणून तर मला तिचा जास्त राग येतो. जिला एवढं नीट वागता येतं तिला तीन दिस आदी पोरगी सोडता आली नसती व्हय? तिला म्हाईत हुतं त्येला कुटं दुकतंय. बरूबर तिथंच बोट ठिवलं.

त्या यात्रेला कळशी जोतीरामनं खांद्यावर घेतली. आमच्या भावकीतलं एकजण मागनं वरडलं, "हवालदार, परकर घाला की, म्हंजे डोक्यावर घेता यील." सगळी हसली. जोतीराम बी हसला. सरळ चालत गेला, परेडला चालतात तसा.

तीन दिसांनी, सत्तावीसला, क्रांती आली. यात्रा उठलेली. दुकानं गेलेली, पालांच्या मेखांची भोकं तेवढी राहिलेली. पाळणेवाला पाळणा सोडत हुता. जोतीरामनं त्येच्या हातापाया पडून पाळणा परत जोडायला लावला. एवड्या मोठ्या गोल पाळण्यात एकटी क्रांती बसली, आन खाली एकटा बाप उभा. पाळणेवाला म्हणला, "साहेब, आसा पाळणा मी जलमात फिरवला न्हाई." दहा फेऱ्या मारल्या. पोरगी वरनं वरडत हुती, "पप्पा, आपलं घर दिसतंय."

त्येच्या फुडच्या साली यात्रा तेराला. पोरगी आली सत्तावीसला, चौदा दिसांनी. तवा तर गुलाल बी धुवून निघालेला.

मी म्हणलं, "जोतीराम, वकिलाकडं जा, तारीख दुरुस्त करून घे."

गेला हुता. वकील म्हणला, दोघांनी लिवून दिलं तर लगीच हुतंय. ती न्हाई म्हणली तर अर्ज टाकायचा, मग जज पोरीला आत बोलवून इचारील, तुला काय पायजे. जोतीराम उठून आला. मला म्हणला, "आक्का, पोरीला एका खुर्चीत बसवून आई का बाप इचारायचं? त्या परास मी दरसाली खांद्यावर कळशी घेतो."

आता सांगा, असल्या माणसाला कागद दावायचा?

मागल्या यात्रेच्या आदीची यात्रा एक मेला हुती. पोरगी आली सत्तावीस एप्रिलला, चार दिस आदी. जोतीराम म्हणला, बरं झालं, तालीम करू. तिला हिरवा परकर-पोलका शिवून आणला हुता. रिकामी कळशी डोक्यावर दिऊन नदीपास्नं देवळापतोर चालवली. मग आर्धी भरून. मग पुरी भरून. मी मागनं सांगत हुते, मान हलवू नगं, नजर फुडं. तिसऱ्या खेपंला एक थेंब सांडला न्हाई. पोरीची मान डिट्टो माझ्यासारखी हाय. जोतीराम म्हणला, "पोरगी तयार झाली आक्का. आता एक साल तरी तारीख जुळू दे."

सहा मार्चला कारखान्याच्या गेटवर ड्युटी बदलताना त्येच्या छातीत कळ आली. कराडला न्हेईपतोर गेला. बावन्न वय.

मातीला पोरीला तिचा मामा सयाजी घिऊन आला. गाडी रस्त्यावरच चालू ठेवली. पोरीनं बापाचं तोंड बघितलं, पायाला हात लावला. मी तिला जवळ घेतली तर सयाजी म्हणला, "आक्का, निघतो. उद्या तिची चाचणी हाय." सरण पेटायच्या आदी गाडी गेली बी. दहाव्याला पोरगी आली न्हाई. परीक्षा.

मी एकटी वकिलाकडं गेले. म्हणलं, बापाचे शनवार आता आत्तीला मिळतील का? त्यो म्हणला, "मावशी, ते दिवस जोतीरामचे हुते, त्येच्याबरोबर संपले. आता आई एकटी पालक. तुमी भेटीसाठी वेगळा अर्ज करू शकता, पर आईनं न्हाई म्हणलं तर लय लांबणार." म्हंजे माझ्या हातात कायच राहिलं न्हाई. तवाच मी मनात म्हणलं, कवा ना कवा तिला माझ्या दारात काय तरी मागायला यावं लागंल. तवा बघते.

लय दिस वाट बघावी लागली न्हाई. यात्रा वीस एप्रिलला हुती. गुरव इचारून गेला, साळूआक्का, औंदा कळशी कोण घेणार? मी म्हणलं, दोन दिसात सांगते. आन दुसऱ्याच दिशी ह्या फोनवर नाव आलं, 'क्रांतीची आई'. जोतीरामनं तसंच ठिवलंय नाव.

"वन्सं, क्रांती हटून बसलीय. यात्रेला जाणार म्हणती, पप्पाची कळशी मी घेणार म्हणती. शनवारी आणून सोडते."

मला तीन वर्सं तोंडात धरलेलं ते बोलायचं हुतं. बोलले.

"कागदात बघ."

ती म्हणली, "वन्सं, आता कसला कागद?"

"त्योच. सत्तावीस तारीख. वीसची यात्रा कागदात न्हाई."

"पोरगी रडतीय वन्सं."

"जोतीराम बी रडायचा. फोन ठिवल्यावर रडायचा, म्हणून तुला ऐकू गेलं न्हाई."

फोन ठिवला, चप्पल घातली आन सरळ गुरवाकडं गेले. म्हणलं, आमच्या घरात पोरगी न्हाई, मान बाळासोच्या घराला द्या. बाळासो आमच्याच भावकीतला, त्येला नात हाय. सांच्याला पंच बसले, बाळासोला मानाचा विडा दिला. विडा एकदा गेला की मान गेला, परत मागायची रीत न्हाई. मला ते म्हाईत हुतं. म्हाईत असून केलं.

यात्रेच्या सकाळी दोघी आल्या. मला वाटलं न्हवतं येतील. क्रांतीनं त्योच हिरवा परकर घातलेला. वरसात पोरगी वाडली, परकर नडगीपतोर आलेला. नदीच्या घाटावर बाळासोच्या नातीच्या डोक्यावर कळशी चडवत हुते. क्रांती फुडं गेली. गुरव म्हणला, "पोरी, उशीर झाला. विडा गेला."

बाळासो चांगला माणूस. म्हणला, "आरं घेऊ दे तिला. जोतीरामची पोरगी हाय."

गुरव म्हणला, "बाळासोआण्णा, असं चालत न्हाई. साळूआक्का सवता सांगून गेली."

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. संयोगिता गर्दीतनं माझ्यापतोर आली.

"वन्सं, माझा राग पोरीवर काडला व्हय?"

"तू काडत हुतीस तवा कुणावर काडत हुतीस?"

ती तिथंच घाटाच्या पायरीवर बसली आन पदर तोंडाला लावून रडली, सगळ्या गावाफुडं. मी उभी राहून बघितलं. मला बरं वाटलं. वरीसभर उपाशी माणसाला जेवाय मिळावं तसं वाटलं. आज बी मला त्येचा पस्तावा न्हाई.

क्रांती रडली न्हाई. कळशीच्या मागनं गावाबरोबर अनवाणी देवळापतोर चालत गेली, देवाच्या पाया पडली. मी घरी तिच्यासाठी पोळ्या करून ठिवल्या हुत्या, दुधात गूळ कालवला हुता. ती दारात आली, आत आली न्हाई. जोतीरामच्या फोटोकडं दारातनंच बघितलं. मी म्हणलं, "बस की बाळ, चार घास खाऊन जा."

म्हणली, "आत्ती, तू आन आई सारख्याच हायसा."

आन गेली. अकरा म्हैने झालं, फोन न्हाई. वर्सश्राद्धाला सांगावा धाडला हुता, आली न्हाई. औंदा यात्रा धा एप्रिलला हाय आन कळशी बाळासोच्या नातीच्याच डोक्यावर असणार, ते आता माझ्यानं बी फिरत न्हाई.

ज्या पोरीला मी मान सरळ धरायला शिकवली तिनं मला त्या बाईच्या पंक्तीला बसवली. जोतीराम गेला तवा बी मला एवढं लागलं न्हवतं. पर ते बोलणं मी पोरीचं धरत न्हाई. ते बी मी संयोगिताच्याच नावावर धरलंय.