अप्पांचा उजवा हात

बातमी आली तेव्हा मी चेन्नईत, नुंगंबाक्कमच्या ऑफिसात होते. नवऱ्याचा, श्रीनिवासचा फोन. "अप्पा गेले. दुसरा झटका…" मला रडू आलं नाही, राग आला. माझे सासरे दोन वर्षं आमच्या देखत थोडे थोडे जात होते, आणि आम्ही त्याला सेवा म्हणत होतो.

अप्पा शाळेत गणित शिकवायचे. घराणं तंजावरचं; मराठी जुन्या वळणाची, मधूनच तमिळ. मी नाशिकहून वेस्ट मांबलमच्या फ्लॅटमध्ये सून म्हणून आले, तेव्हा पहिल्या सकाळी कॉफी त्यांनीच दिली. पेल्यातून वाटीत, वाटीतून पेल्यात, हातभर उंचीवरून धार; एक थेंब सांडला नाही. दोन वर्षांपूर्वी पक्षाघाताच्या पहिल्या झटक्यात तोच उजवा हात गेला. बोटं मात्र थोडी हलत होती. "हाताला काम दिलं नाही, तर मेंदू त्याला विसरेल," घरी येणारी फिजिओथेरपिस्ट सेल्वी म्हणाली. रोज काही तास ती त्यांच्या धडधाकट डाव्या हातावर जाड मोजा चढवायची, म्हणजे सगळं उजव्यानंच करावं लागे. "या हातानं काय करायचंय, सर?" तिनं विचारलं. अप्पा म्हणाले, "कॉफी."

इडलीचा तुकडा तोंडाशी जाईतो निम्मा नेसलेल्या वेष्टीवर पडायचा. सासूबाईंना ते बघवेना. सेल्वीची पाठ वळली की त्या मोजा काढून घास भरवत. "मी जिवंत असताना त्यांचे असे हाल?" श्रीनिवास म्हणे, "अम्माला बरं वाटतंय ना, राहू दे." मी भांडायची. वाटायचं, अप्पांच्या बाजूनं या घरात मी एकटीच.

मग एका सकाळी मी टेबलावर लॅपटॉप उघडून बसले होते. अप्पा स्वयंपाकघरातून आले. उजव्या हातात अर्धा भरलेला पेला. स्वतः केलेली कॉफी, माझ्यासाठी. माझ्याजवळ पोचले आणि हात थरथरला… सगळी कॉफी लॅपटॉपवर.

"पुरे झालं हो, अप्पा! नका करू आता!" मीच ओरडले. मीच.

त्यांनी पेला खाली ठेवला. उजव्याच हातानं, नीट. "सरी मा," म्हणाले. बरं, बाळ.

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच सेल्वीला येऊ नको म्हणून सांगितलं. मी माफी मागितली, ते हसले. पण मोजा पुन्हा घालू दिला नाही. हळूहळू बोटं मुठीत वळली. ती मूठ ते डाव्या हातानं उचलून मांडीवर ठेवायचे, दुसऱ्या कुणाची वस्तू सांभाळायला दिल्यासारखी.

तेराव्याला पंगत उठल्यावर नात्यातल्या एक बाई सासूबाईंचे हात धरून म्हणाल्या, "पुण्यवान आहात. दोन वर्षं एक घास त्यांना स्वतःच्या हातानं घेऊ दिला नाहीत."

सासूबाईंनी पदरानं डोळे टिपले. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली.