औषध मारणारे मुरारीभाऊ

मुरारी भालेकर मूळचे तळवड्याचे. घरची शेती थोडकी, भाऊ तीन. म्हणून १९६२ साली ते मलेरियाच्या फवारणी पथकात लागले. पाठीवर पंप घेऊन गावोगाव फिरायचं, घरांच्या भिंतींवर डी.डी.टी. मारायची आणि दारावर गेरूने तारीख टाकायची, हे काम त्यांनी आठ-नऊ वर्षं केलं. पथक गावात शिरलं की बायका फळीवरची भांडी अंगणात काढून ठेवायच्या आणि फवारणी झाली की चहा द्यायच्या. घरातला कर्ता माणूस विचारायचा, "आता डास येनार न्हाईत ना?" मुरारीभाऊ सांगायचे, "मी मारलंय. कसे येतील?"

पुढे नगरपालिका झाली आणि ते तिच्या उद्यान खात्यात आले. चिंचवड स्टेशनपासून जवळ आमची बाग होती आणि बागेच्या कोपऱ्यातल्या दोन खोल्यांत खात्याचं कार्यालय. मी १९७४ साली तिथे टंकलेखक म्हणून लागले. माझ्या टेबलाशेजारच्या खिडकीतून गुलाबाचे वाफे दिसत. दर बुधवारी सकाळी मुरारीभाऊ खाकी चड्डी घालून, तोंडाला उपरणं बांधून औषध मारायला निघत. झाडावर कीड असो वा नसो, बुधवार म्हणजे औषध. बागेत फिरायला येणारे पेन्शनर त्यांना 'डॉक्टर' म्हणत. कुणी घरच्या कुंडीतलं वाळलेलं पान रुमालात बांधून आणी. मुरारीभाऊ ते उन्हात धरून बघत आणि निदान सांगत. त्या वेळी त्यांची मान जरा जास्तच ताठ असायची.

१९७८ च्या पावसाळ्यात दामलेसाहेब उद्यान अधीक्षक म्हणून आले. कृषी महाविद्यालयात शिकलेले, तिशीतले, सारखे झाडांखाली वाकून बघणारे. एकदा त्यांनी खुरपणीच्या बायकांना सहज विचारलं, "भिंतीकडच्या जास्वंदीला मावा का नाही? तिथे तर पंप पोचतच नाही."

मावा म्हणजे कोवळ्या शेंड्यांतला रस शोषणारी बारीक कीड. त्या बायकांतली रतनबाई उठून उभी राहिली. चाकणकडच्या शेतकरी घरातली, नवरा भोसरीत लेथवर, ती स्वतः रोजंदारीवर. म्हणाली, "पोचत न्हाई म्हनूनच न्हाई, साहेब. तिथं ठिपक्याचे किडे हायेत. ते मावा खात्यात. पंप मारला की आधी त्येच मरत्यात."

तिने एक पान उलटं करून दाखवलं. त्यावर लाल पाठीचे, काळ्या ठिपक्यांचे दोन ढालकिडे होते आणि एक काळी-नारिंगी काटेरी अळी. ही अळीसुद्धा ढालकिड्याचंच पिल्लू आणि तीही मावाच खाते, हे तिला ठाऊक होतं. मुरारीभाऊंनी अशा हजारो अळ्या कीड म्हणून मारल्या होत्या.

साहेबांनी पान हातात घेतलं. मग म्हणाले, "रतनबाई, हे तुम्हाला कोणी शिकवलं?"

"बगितलं, साहेब. रोज खाली बसून खुरपते, दिसतंच की."

त्या दिवसापासून मुरारीभाऊंचं पोट दुखायला लागलं. हा शब्द त्यांच्या बायकोचा, कुशाबाईंचा. डबा तसाच परत आलेला बघून त्या म्हणाल्या होत्या, "जेवन जाईना? का त्या रतनीनं पोटात दुखतंय?"

साहेबांनी बाग दोन भागांत वाटली. रस्त्याकडचा भाग पंपाचा, विहिरीकडचा रतनबाईचा. तिच्या बाजूला दर सोमवारी दहा झाडं तपासायची, शेंड्यावर किती मावा आणि किती ढालकिडे ते मोजायचं, कीड लागलेला शेंडा खुडून साबणाच्या पाण्यात बुडवायचा. अगदीच हाताबाहेर गेलं तर औषध, आणि तेही त्या एकाच झाडाला. रतनबाईला लिहिता येत नव्हतं. ती आकडे तोंडाने सांगे, मी तक्त्यावर उतरवून घेई. साहेब तक्ता बघायला येत आणि तिच्यासाठी खुर्ची ओढत. ती खुर्चीवर कधीच बसली नाही, पण ओढलेली खुर्ची मुरारीभाऊ खिडकीतून बघत. "माझ्यासाठी आठ वर्षांत कुणी स्टूलसुद्धा सरकवलं न्हाई," असं ते मला एकदा म्हणाले.

पहिल्या महिन्यात तिच्या बाजूला मावा वाढला. मुरारीभाऊ खुशीत होते. दुपारी विहिरीवर हात धुताना मुद्दाम तिकडे जाऊन चिकट झालेले शेंडे बघून येत. मग डिसेंबरात ढालकिडे आले आणि पंधरा दिवसांत शेंडे स्वच्छ झाले. कृषी महाविद्यालयाची मुलं वह्या घेऊन आली. एकाने फोटो काढला. मध्ये रतनबाई, पदर डोक्यावर, हातात गुलाबाची फांदी. मुरारीभाऊ पंप घेऊन बाजूला उभे होते. फोटो काढणारा त्यांना म्हणाला, "काका, जरा सरकता का? पंप मध्ये येतोय."

पुढचं मला त्यांनीच कैक वर्षांनी तपशीलवार सांगितलं. दुसऱ्या दिवशी फटफटताच ते बागेत आले, पंप भरला आणि विहिरीकडच्या सगळ्या ओळींवर औषध मारलं. पानाची खालची बाजूही सोडली नाही. आयुष्यात इतकी नीट फवारणी आपण कधी केली नव्हती, असं ते म्हणाले.

सकाळी मी आले तेव्हा रतनबाई वाफ्यात उकिडवी बसली होती. मातीवर ढालकिडे उताणे पडले होते. ती एकेक उचलून तळहातावर ठेवत होती. मुरारीभाऊ समोरून चालले होते.

"मुरारीभाऊ, आज लवकर आला व्हता का?"

"न्हाई," ते म्हणाले आणि थांबले नाहीत.

मावाही मेला होता, पण तो परत यायला वेळ लागत नाही. खाणारे उरले नव्हते. तीन आठवड्यांत विहिरीकडचे गुलाब मुंगळ्यांनी आणि माव्याने काळे झाले. वरचे अधिकारी पाहणीला आले आणि साहेबांना सगळ्यांसमोर बोलले. साहेबांचा चेहरा पडला. रतनबाई एवढंच म्हणाली, "साहेब, एक महिना द्या."

तिने नाव घेतलं नाही. मुरारीभाऊ त्या दिवशी सारखे ऑफिसच्या दाराशी घुटमळत होते. आज सांगेल, उद्या सांगेल, अशी वाट बघत आठवडा गेला. आधी साहेबांनी तिला दिलेल्या मानाचा मत्सर होता. आता तिच्या गप्प बसण्याचा वाटू लागला. हे आपल्याला जमलं नसतं, हे त्यांना कळत होतं आणि तेच सहन होत नव्हतं. शेवटी त्यांनी तिला विहिरीपाशी गाठलं.

"साहेबाला सांगत का न्हाईस? लई मोठी झालीस व्हय?"

रतनबाईने खुरपं खाली ठेवलं. "सांगून काय किडं जितं व्हनार हायेत? तुमची नोकरी तेवढी जाईल. तुमाला जमत असलं तर किडं आनून द्या."

"कुठनं आनू?"

"रुईवर असत्यात. माझ्या वाटंला रुई न्हाई. तुमी गावोगाव फिरलाय."

रुई कुठे आहे हे मुरारीभाऊंइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. तळवड्याच्या ओढ्याकाठी, मसणवट्यामागे, गावाबाहेरच्या पडीक जमिनींत. रविवारी ते सायकलवर निघाले. रुईच्या शेंड्यांवर पिवळा मावा होता आणि त्यावर ढालकिडे. वनस्पती तुपाच्या डब्यांत पानं घालून, तोंडाला फडकं बांधून त्यांनी तीन डबे भरून आणले आणि सोमवारी रतनबाईच्या पुढ्यात ठेवले. तिने फडकं सोडून आत बघितलं. "लई आनलं," ती म्हणाली. मुरारीभाऊ तिथून निघाले. तडक साहेबांच्या खोलीत गेले आणि उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं.

साहेब संतापले. मी मेमो टाइप केला. नोकरी वाचली, पण त्यांची बदली भोसरीच्या बागेत झाली. विहिरीकडचे गुलाब फेब्रुवारी संपता संपता सावरले.

भोसरीत त्यांच्यावर देखरेख करणारं कुणी नव्हतं. तरी त्यांनी वही घातली. दर सोमवारी दहा नाही, वीस झाडं मोजायचे. रतनबाई वीस मोजत नाही, हे कामानिमित्त ऑफिसात आले की मला आवर्जून सांगायचे. वर्षाला कपाटभर लागणारं औषध दोन बाटल्यांवर आलं. ती वही दाखवायला ते एकदा चिंचवडला आले, तेव्हा साहेब पाहुण्यांना सांगत होते, "हे सगळं आमच्या रतनबाईंनी सुरू केलं." ती एव्हाना नोकरीत कायम झाली होती. मुरारीभाऊ वही काखेत धरून माझ्या टेबलाशी बसले, चहा प्याले आणि वही न दाखवताच परत गेले.

नगरपालिकेची महानगरपालिका झाली त्या साली सगळ्या बागांसाठी परिपत्रक निघालं. मोजणी केल्याशिवाय औषध मारायचं नाही आणि लागलंच तर कीड असलेल्या झाडापुरतंच. ते मीच टाइप केलं होतं. मुरारीभाऊ भोसरीची प्रत न्यायला आले. चष्मा लावून त्यांनी दोन्ही पानं वाचली.

"बाई, ह्यात माझं नाव कुठं हाय?"

"परिपत्रकात नावं नसतात, मुरारीभाऊ."

"रतनीचं?"

"तिचंही नाही."

त्यांनी कागदाची घडी केली. चेहरा सैल झाला. दाराशी जाऊन ते परत वळले.

"तिचं असाया पायजे व्हतं."

"सांगू का साहेबांना तसं?"

"नको," ते लगेच म्हणाले आणि सायकलकडे गेले.