नानांच्या खळ्यातली बॅटरी

परवा पिंप्राळ्यात आमच्या घरासमोरून नातवाच्या गाडीची बॅटरी चोरीला गेली. कॅमेरा, सायरन, लोखंडी जाळी असं सगळं होतं, तरी गेली... नातू दिवसभर वैतागलेला होता आणि मी मात्र गप्प बसून होतो. त्याला वाटलं, म्हाताऱ्याला वाईट वाटलं. वाटलं होतंच, पण त्याच्या बॅटरीचं नव्हे.

गोष्ट मुंबई राज्य असतानाची. मी तेव्हा ऐन विशीत आणि डोक्यात भलतीच हवा! एका साबण कंपनीच्या प्रचाराच्या गाडीवर नोकरी होती. जीपच्या मागे जोडायचा पत्र्याचा ट्रेलर, आत माझं अंथरूण, स्टोव्ह, ग्रामोफोन आणि छपरावर कर्णा. धुळ्याहून साक्रीकडचे आठवडी बाजार करत आम्ही हिंडायचो. ड्रायव्हर मला गावात सोडून जीप घेऊन धुळ्याला माल आणायला जायचा.

या सगळ्याचा जीव एका बॅटरीत. ती ट्रेलरच्या पुढच्या दांड्यावर लाकडी पेटीत ठेवलेली असायची. भुसावळला एकदा ती चोरीला गेली होती आणि साहेबांनी माझी चांगलीच हजेरी घेतली होती. तेव्हापासून मी पेटीला साखळी आणि हे एवढं कुलूप लावायचो.

साक्रीजवळच्या एका गावात आम्ही सुकदेवनानांच्या खळ्यात ट्रेलर उभा करायचो. नाना म्हणजे गावचे विश्वासाचे शेतकरी. ज्यांना खळं नव्हतं, तेही आपली धान्याची रास नानांच्या खळ्यात बिनघोर टाकून जायचे. नाना राशीभोवती राखेची रेघ ओढायचे... कुणी शिरलंच तर सकाळी पाऊल दिसणार. माझ्या ट्रेलरभोवतीही त्यांनी तशीच रेघ ओढली. मग त्यांची नजर कुलपावर गेली.

"मना खळामा कुलूप कसाले, भाऊ?"

आवाज चढला नव्हता, पण मला ओशाळल्यासारखं झालं. मी कुलूप काढून खिशात टाकलं.

दिवस थंडीचे होते. त्या संध्याकाळी कर्ण्याचा आवाज क्षीण येत होता, पोरंसोरं हसत होती. मी आपली अक्कल पाजळली, "नाना, बॅटरी थंडीत मरते हो. लहान बाळासारखं जपावं लागतं हिला." नाना मान हलवत ऐकत होते. चोरांबद्दलही मी त्यांना खूप सांगितलं. बॅटरीच्या आत काय भरलंय, ते मात्र सांगितलं नाही... सुचलंच नाही.

सकाळी उठून बघतो तर पेटी रिकामी!

राखेत अनवाणी पावलं उमटली होती. उजव्या पायाला करंगळी नाही... नानांची करंगळी विळ्यानं गेलेली, सगळ्या गावाला ठाऊक. माझं डोकंच फिरलं. पारावर जाऊन, चारचौघांत, मी ओरडलो, "कुलूप काढायला यानंच लावलं! राखणदार कसला, चोर आहे तुमचा नाना!"

दोघेतिघे माझ्याबरोबर खळ्यात येऊन पाऊल बघून गेले. त्यांच्या चेहऱ्यावर शंका आली ती मी पाहिली आणि मला बरं वाटलं... हो, बरंच वाटलं. लपवत नाही.

नाना शेतात पाणी धरायला गेले होते. थोड्या वेळानं आले तेव्हा त्यांच्या कानावर सगळं गेलेलं होतं. माझ्याजवळ येऊन एवढंच म्हणाले, "चाला भाऊ, घर चाला."

घरात चुलीशेजारी खाट होती. खाटेवर गोधडीत गुंडाळलेलं काहीतरी आडवं निजवलेलं आणि त्यावर हात ठेवून अक्का बसलेल्या, नानांची बायको.

"पहाटले गारठा भलता व्हता," नाना म्हणाले. "तुम्हीच सांगं ना, थंडीमा मरी जास. तुम्ही झोपेल व्हतात. म्हनीसन घर लई उनू." म्हणून ते बॅटरीला घरी घेऊन आले होते.

आता ऊब आलीय अशा खात्रीनं अक्का हसून म्हणाल्या, "आते गरम शे, भाऊ."

मी गोधडी ओढली. आडव्या बॅटरीतून ॲसिड गळलं होतं आणि गोधडीचा मधला भाग नुसत्या बोटानं फाटत होता. आतला कापूस विरघळून चिकट झाला होता. ती अक्कांच्या आईनं शिवलेली गोधडी होती, हे त्यांच्याच तोंडून कळलं. त्या ओरडल्या नाहीत. फाटलेली टोकं जुळतात का, ते बघत राहिल्या.

मी नानांचे पाय धरले, अक्कांचे धरले. रडलोसुद्धा. नानांनी मला उठवलं आणि चहा पाजला.

दुपारी जीप आली. जाताना वाटेत पार लागला. सकाळचीच माणसं तिथे बसली होती. 'गाडी थांबव' एवढं म्हणायचं होतं ड्रायव्हरला... म्हणालो नाही. वाटलं, नाना सांगतील, लोकांना कळेलच की.

नानांनी कुणाला काही सांगितलं नसावं. स्वतःचा खरेपणा स्वतःच सांगत फिरणारा माणूस नव्हता तो. पुढच्या वर्षी सुगीत गेलो, तर खळ्यात फक्त त्यांचीच रास होती. तिच्याभोवती राखेची रेघसुद्धा नव्हती. मी विचारलं, तर म्हणाले, "आते कोनासाठे?" तेव्हाही पार शंभर पावलांवर होता. तेव्हाही मी गेलो नाही.

नाना-अक्का जाऊन खूप वर्षं झाली. चोर म्हणालो होतो चारचौघांत आणि माफी मागितली घरात, दाराआड. हे काही बरोबर झालं नाही.

आता माझ्याकडे पार नाही, हा नातवानं दिलेला मोबाइल आहे. साक्रीकडचं कुणी हे वाचत असेल, तर आपल्या गावात मोठ्यानं वाचून दाखवा... सुकदेवनाना चोर नव्हते. माझी बॅटरी त्यांनी लेकरासारखी जपली होती.